उजवीकडचा खोकला

"काहून विकून राहिले जी?" मोबाइलच्या काचेवर एवढे चारच शब्द उमटले आणि देवानंदचा घास हातातच राहिला. सकाळचे साडेसात झाले होते, आयटीआयला निघायला अजून तास होता, पोह्यांची बशी मांडीवर होती. जाहिरात टाकून आठवडा झाला होता. वापरलेल्या वस्तू विकायच्या वेबसाइटवर त्यानं मशीनचे चारी बाजूंनी फोटो टाकले होते आणि खाली नीट, शुद्ध मराठीत लिहिलं होतं, 'उच्च दर्जाच्या होम स्टिरिओसाठी नेटवर्क म्युझिक स्ट्रीमर, एकहाती वापर, उत्तम स्थितीत.' आठवडाभरात तिघांनी विचारलं. एकाला त्यात ब्लूटूथ आहे का हे पाहिजे होतं, दुसऱ्याला तो केबलचा डबा वाटला, तिसऱ्यानं नुसता अंगठा पाठवून दिला. हा चौथा, अकोल्याचा, नितेश नावाचा. त्यानं किंमत विचारली नव्हती, मॉडेल विचारलं नव्हतं. कोणीही कोणतीही जुनी वस्तू घेताना विचारतो तेच विचारलं होतं. देवानंदनं 'नवीन घ्यायचे आहे' असं लिहिलं आणि पुसलं. 'जागा कमी पडते' लिहिलं, तेही पुसलं. दोन माणसांच्या घरात जेवणाच्या डब्याएवढ्या वस्तूला जागा कमी पडते हे वाचून अकोल्याचा माणूस हसला असता. शेवटी त्यानं 'रविवारी येऊन ऐकून घ्या' एवढं लिहून पाठवलं आणि गार झालेले पोहे चावत बसला. चावताना डाव्या कानात कुरकुर होत होती. उजव्यात नव्हती. ते त्याला कळलं आणि त्यानं बशी खाली ठेवली.

मशीन समोरच्या लाकडी फळीवर होतं. त्याला स्वतःचा आवाज नाही. इंटरनेटवरून गाणं ओढायचं आणि मागच्या दोन वायरींतून ॲम्प्लिफायरला द्यायचं, पांढरीतून डाव्या स्पीकरचं, लालमधून उजव्याचं, एवढंच त्याचं काम. वायरींची ती जोडी देवानंदनं स्वतः तांबं निवडून, स्वतः झाळून बनवली होती. सहा वर्षांपूर्वी, मुलीचं, प्रणालीचं लग्न उरकल्यावर, त्यानं मशीन विलायतेहून मागवलं तेव्हा त्याची बायको बेबीताई महिनाभर त्याच्याशी तुटक बोलत होती. पहिल्या दिवशी त्यानं सारंगी लावली. कुठल्याशा लहान हॉलमध्ये, श्रोत्यांसमोर, पन्नासेक वर्षांपूर्वी झालेलं वादन. सारंगी मधोमध, तबला जरासा डावीकडे. आणि सातव्या मिनिटाला, उजवीकडे, भिंतीला टेकून बसलेला कोणी माणूस खोकला. कोरडा, दाबून धरलेला, माफी मागितल्यासारखा खोकला. देवानंदनं दचकून मान वळवली. उजवीकडे त्याच्याच घरातलं शिलाई मशीन होतं, त्यावर बेबीताईनं वाळत टाकलेला टॉवेल होता. पण माणूस होता. त्या दिवसापासून देवानंदला सारंगीपेक्षा तो माणूस आपला वाटायला लागला. पुढं जागा न मिळालेला, कडेला बसलेला, छातीतला खोकला मोठ्या लोकांच्या मैफलीत कसाबसा गिळणारा. देवानंदचा बाप किसनराव असाच खोकायचा, भाजीची गाडी बाजारात लावून झाली की.

मागच्या काही महिन्यांत तो माणूस खोकायचा थांबला होता, आणि देवानंदनं ते स्वतःला कळू दिलं नव्हतं. सहावं मिनिट आलं की तो उठून पाणी प्यायला जायचा. गाणं बारीक लागायचं, पाणी घातलेल्या दुधासारखं. कधी तो इंटरनेटला शिव्या द्यायचा, कधी व्होल्टेजला, कधी शेजारच्याच्या इन्व्हर्टरला. मशीन म्हातारं झालं असं त्यानं ठरवून टाकलं. एक गोष्ट मात्र त्यानं केली नाही. आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या तासाला तो एकोणतीस वर्षं सांगत आला होता, अगोदर जोडणी पाहायची आणि मग मशीनला शिव्या द्यायच्या. स्वतःच्या घरात त्यानं मशीनच्या मागं वाकून पाहिलं नाही. जोडणी बरोबर निघाली असती तर मग एकच गोष्ट उरत होती. ती उरू नये म्हणून त्यानं मशीनच विकायला काढलं. माणूस किती लबाड असतो हे दुसऱ्याला ओळखता येत नाही, एवढ्या आत बसून तो लबाडी करतो.

कान ही देवानंदची एकुलती एक कमाई होती. अमरावतीच्या कॅम्प भागातल्या एका बंगल्यात दर शनिवारी संध्याकाळी सातआठ जण ऐकायला जमत. निवृत्त डॉक्टर, एक मोठा वकील, इंजिनियर, असे. देवानंद तिथं पहिल्यांदा गेला तो त्यांचा बिघडलेला ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला. दुरुस्त करून झाल्यावर त्यानं सहज सांगितलं की उजवा स्पीकर भिंतीच्या फार जवळ आहे, तानपुरा सुजल्यासारखा येतो. त्यांनी स्पीकर वीतभर पुढं ओढला आणि तानपुरा निवळला. तेव्हापासून त्याला बोलावणं येऊ लागलं. चहा त्याला काचेच्या ग्लासात यायचा, बाकीच्यांना कपात, हे त्याला दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. एकदा त्यांनी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चार वायरी ऐकवल्या आणि चारही त्यानं ओळखल्या. तेव्हा वकील हसत म्हणाला, "गावाकडच्या माणसाचे कान तिखटच असतात, जनावरांच्या संगतीनं." सगळे हसले. देवानंदही हसला. त्या हसण्याची लाज त्याला अजून वाटते, वकिलाच्या बोलण्याची नाही. चार वर्षं तिथं जाऊन त्यानं काय केलं, तर 'मले' म्हणायचं सोडलं. 'मला' म्हणू लागला. डॉक्टर एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, उच्चार सुधारलेत हं तुमचे. बक्षीस दिल्यासारखं. सुरांची यांना पारख नव्हतीच, त्यांना फक्त मोजके लोक बसलेले पाहिजे होते, आणि सूर हे दारावरचं कुलूप होतं. देवानंदला हे तेव्हाच कळत होतं. कळूनही तो इस्त्रीचा शर्ट घालून जात राहिला, ही गोष्ट त्याच्या आत अजून कुजते आहे. दिवाळीनंतर त्यानं जाणं बंद केलं. गुडघा दुखतो असं सांगितलं. गुडघे त्याचे ठणठणीत आहेत.

आणि उजवा कान गेला कुठं, तर अकोटला. हेही त्याला माहीत होतं. विशीत तो अकोटच्या एका जिनिंगमध्ये वायरमन म्हणून लागला आणि आठ वर्षं राहिला. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या दोन रांगा, चोवीस इकडे, चोवीस तिकडे, आणि मधून जाणारे चामड्याचे पट्टे. आतला आवाज असा की माणूस समोर तोंड हलवतो आणि मासा दिसतो. कानात घालायला कोणी काही देत नसे. ज्याचा त्याचा कापूस. ढिगातून पुंजका उचलायचा, वळायचा, कोंबायचा. जुना फोरमन वामनराव यानं पहिल्याच दिवशी त्याचा उजव्या कानातला पुंजका काढून फेकून दिला होता. "दोनी कान बुजवशीन तर मरशीन लेका. एक उघडा ठेव. पट्टा सरकाले लागला का त्याचा आवाज बदलते, तो आयकाले एक कान पायजे." तर डावा बुजवलेला आणि उजवा उघडा, अशी आठ वर्षं. उजव्या कानानं त्यानं सरकणारे पट्टे ओळखले, तापलेल्या बेअरिंगची शीळ ओळखली, एकदा एका बाईचा पदर पट्ट्यात जायच्या आधी तिच्या कंकणाचा टणकारा ओळखून स्विच पाडला. ऐकायला तो त्याच कानानं शिकला. कॅम्पातल्या लोकांनी वाखाणला तो कान हाच. जो कामाला आला तोच संपला. बुजवून ठेवलेला डावा अजून कोराच्या कोरा आहे.

रविवारी अकरा वाजता नितेश आला. तिशी उलटलेला, काळासावळा, पायात रबरी चप्पल, शर्टच्या बाहीवर झेंडूच्या परागाचे पिवळे डाग. हातात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला शेवंतीचा हार. देवानंदनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. हा ऐकणार सारंगी, असं त्याच्या मनात आलं, आणि ते अगदी वकिलाच्या आवाजात आलं.

"बसा. आपण काय करता?" त्यानं कॅम्पातल्या भाषेत विचारलं.

"फुलं जी. लग्नाचे मांडव, स्टेज, नवरदेवाची गाडी. दिवसभर त्या डीजेच्या बाजूले उभं राहा लागते. कान किटले. म्हटलं घरी तरी माणसाचा आवाज आयकावा."

"यापूर्वी अशी सिस्टिम ऐकली आहे कुठे?"

"हाय माह्यापाशी. ॲम्प सेकंडहँड घेतला. स्पीकर म्याच बनवले, सागाचे. बस हे एक नव्हतं." नितेश खुर्चीत बसला आणि खुर्ची उचलून हातभर मागं सरकवली. जिथं सरकवली तीच बरोबर जागा होती. "काका, तुमी माह्या गोष्टीचं उत्तर नाई देल्लं."

"कुठल्या?"

"काहून विकून राहिले?"

"नवीन मॉडेल घ्यायचं आहे."

"बरं. मंग याची खोड काय?"

खोड हा शब्द देवानंदनं चाळीस वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. निदान यंत्राबद्दल नाही. बैलाला खोड असते. बैल विकताना ती विचारतात आणि सांगतात. "यात खोड कसली आली," असं तो म्हणाला आणि गाणं लावलं.

नितेशनं डोळे मिटले नाहीत. कॅम्पातले सगळे मिटायचे. हा फरशीकडे बघत राहिला, अर्धा मिनिट, मग त्याची मान हळूहळू डावीकडे झुकली, दुखल्यासारखी. तो उठला, उजव्या स्पीकरसमोर उकिडवा बसला आणि त्याला कान लावला.

"काका, हा बंद हाय."

"काय?"

"इकडून काईच नाई. पुरा बंद."

देवानंद उठला. स्पीकरपाशी गेला. वाकला आणि कान लावायची वेळ आली तेव्हा त्याची मान आपोआप वळून डावा कान पुढं आला. आत काही नव्हतं. गोधडीखाली असतं तसं गप्प होतं. आणि सरळ व्हायच्या आधीच त्याचं तोंड बोलून मोकळं झालं, "मशीनचं आउटपुट गेलं असेल. हल्ली कुरकुर करत होतं."

"कधीपासून जी?"

"झाले दोन-चार दिवस."

"मांगून पाहू का जरा? वायरगियर निंगाली असन."

"नको. बोर्डाचा प्रॉब्लेम आहे. मी याच धंद्यातला आहे."

नितेशनं त्याच्याकडे पाहिलं. बेबीताईनं आणलेला चहा प्याला, बशीत सांडलेलाही प्याला, हार तिच्या हातात दिला. "काकू, देवाले घाला. आज पहाटेचाच हाय." जाताना दारात चप्पल घालताना म्हणाला, "नीट झालं का सांगा काका. मले घाई नाई. पण खोड आधीच सांगा लागत होती, माह्या पेट्रोलचं काई नाई, पण सांगा लागत होती." आणि गेला.

बेबीताई आत गेली नाही. हार घेऊन ती त्याच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली. मागच्या काही महिन्यांपासून ती नेहमी डावीकडेच उभी असते, हे त्याच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. "मशीनले काहून नाव ठेवलं?" तिनं विचारलं. रागानं नाही, भाजीत मीठ काहून जास्त पडलं असं विचारावं तसं. मग ती फळीपाशी गेली, मशीनच्या मागं हात घातला आणि लाल वायरचं सुटं टोक वर काढून दाखवलं. टोकावर धूळ बसली होती. बारीक, राखाडी, कितीतरी दिवसांची.

"दिवाळीच्या सफाईत माह्या हातानं निंगाली," ती म्हणाली. "म्हटलं तुमाले सांगीन, तुमी लावून घ्यान. तर संध्याकाळी तुमी तसंच चालू केलं. डोळे मिटून बसले. वा म्हणाले."

"मंग सांगितलं काहून नाई?" तो म्हणाला. चार वर्षं घासून घासून सुधारलेली जीभ एका क्षणात होती तिथं जाऊन पडली.

"सांगितलं असतं तर तुमी म्हटलं असतं, मले माहीत होतं." ती वायरची धूळ पदरानं पुसत होती. "मी वाट पाह्यली. आज वरडतीन, उद्या वरडतीन, कोनं माह्या मशीनले हात लावला म्हणून. आधी तर तुमी एवढं टाचणीभर हाललं तरी घर डोक्यावर घ्यायचे. मी रोज वाट पाहून राहिली. पाच महिने झाले. मी पोरीलेही नाई सांगितलं."

यावर त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटायला पाहिजे होतं. तसं काही वाटलं नाही. नुसता थकवा आला, पायांतून वर चढणारा, उन्हाळ्यात दुपारी झोपून उठल्यावर येतो तसला. पाच महिने अर्धं गाणं ऐकून तो वा म्हणत होता, आणि दारात उभी राहून कोणीतरी तो वा मोजत होतं. तीन महिने, चार महिने, तो डोळे मिटून बसला असताना ती पोळ्या लाटता लाटता थांबून बघत असेल, आज तरी. तिला वायर परत खोचता आली असती. तिनं खोचली नाही. त्याला तिचा राग येईना. ही बाई त्याच्या कानाची परीक्षा घेत नव्हती. ती दिवसभर त्या सुट्या वायरीचं टोक धरून उभी होती, एकटी.

त्या दिवशी तो फळीसमोर बसून राहिला आणि त्याला लहानपणचा बैल, चांद्या, आठवला. किसनराव भाजीपाला पिकवायचा, ओलिताचं पावणेदोन एकर वावर, वांगी, कोबी, थोडी शेवंती. मोटेच्या जागी पंप आला आणि एक बैल जास्तीचा झाला म्हणून चांद्याला बैलबाजारात नेलं. देवानंद नऊ वर्षांचा होता. दलालानं किसनरावाचा हात आपल्या दुपट्ट्याखाली घेतला, गिऱ्हाइकाचा दुसऱ्या बाजूनं घेतला, आणि दुपट्ट्याखाली बोटांची बोलणी चालली, वर तिघांचे चेहरे देवळात उभे असल्यासारखे. बोटं जुळली, भाव ठरला. तेवढ्यात गिऱ्हाइकानं विचारलं, खोड काय? दलालानं दुपट्ट्याखाली किसनरावाचं बोट दाबलं असणार, कारण बापाचा चेहरा कळवळला, देवानंदनं पाहिलं. पण बाप दोनदा खोकला आणि मोठ्यानं म्हणाला, "बसते तो. दुपारनंतर वखराले जुपला का मधातच बसते. सकाळी सोन्यासारखा हाय." भाव पडला. दलाल शिव्या देत गेला. गिऱ्हाईक मात्र चांद्याला घेऊन गेलं, आपलं दावं आणलं होतं त्यानं सोबत, कारण बैल देतात, दावं देत नाहीत. दावं गोठ्यातच राहतं. ते रिकामं दावं परतीच्या वाटेवर देवानंदच्या खांद्यावर होतं, बैलाच्या मानेच्या घामानं गुळगुळीत झालेलं. वाटेत त्यानं बापाला विचारलं होतं, न सांगता का नाही विकला? बाप म्हणाला होता, की खोड लपवणारा चोर, आणि चांगल्या जनावराला खोटी खोड लावणारा त्याहून वाईट, कारण जनावराला तोंड नाही.

सोमवारी त्यानं नितेशला फोन केला. फोन डाव्या कानाला. "मशीन चांगलं हाय. मी घेऊन येतो अकोल्याले."

"काका, मी येतो ना. तुमी काहून त्रास घेता?"

"नाई. मीच येतो."

गुरुवारी रजा टाकून तो एसटीत बसला. मांडीवर मशीनची पेटी, पेटीवर दोन्ही हात. मार्चचं ऊन खिडकीतून तोंडावर येत होतं. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. उजव्या बाजूला बसलेला म्हातारा कधीपासून त्याच्याशी बोलत होता हे त्याला म्हाताऱ्यानं कोपर मारल्यावर कळलं. "पेटीत काय हाय म्हटलं. तीनदा इचारलं तुमाले." "गाणं हाय," देवानंद म्हणाला. म्हातारा हसला, त्याला ते आवडलं. रस्त्याच्या कडेनं पळसाला फुलं आली होती. बसमध्ये आवाज नुसता होता, कुठून येतो ते नव्हतं. ड्रायव्हरचा हॉर्न, मागचं पोरगं, खिडकीची काच, सगळं एकाच पातेल्यात. दोन कान असले तर जगाला जागा असतात, एक असला की नुसता गलका. मग पहिल्यांदा तो एक वाक्य पूर्ण, शेवटपर्यंत, स्वतःशी बोलला. उजव्या कानानं मला ऐकू येत नाही. मग वऱ्हाडीत बोलून पाहिलं. उजव्या कानानं मले आयकू येत नाई. दुसरं जास्त खरं वाटलं.

नितेशचं घर जुन्या शहरात. खाली फुलांचं गोदाम, ओल्या पोत्यांचा आणि निशिगंधाचा वास, फरशीवर देठांचा चिखल. वर एक खोली. खोलीच्या तिन्ही भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, लुगड्यांच्या, हातशिलाईच्या, रंग उडालेल्या. कॅम्पातल्या बंगल्यात भिंतींना परदेशी फोम होता, त्याची किंमत डॉक्टर दर शनिवारी एकदा तरी सांगत. "मायच्या हाय," नितेश म्हणाला. "आवाज घुमत होता. माय म्हणे, गोधड्या कायले लटकवतं, लोक म्हणतीन वाळत टाकल्या. मी म्हटलं, म्हणू दे." देवानंदनं टाळी वाजवून पाहिली. टाळी जिथल्या तिथं विरली. त्यानं मान हलवली. त्याच्या आयुष्यात कोणाच्या खोलीला त्यानं मनापासून दिलेली ही पहिली दाद होती.

त्यानं स्वतः वाकून वायरी लावल्या. पांढरी, मग लाल. लाल खोचल्यावर ती दोनदा ओढून पाहिली. मग त्यानं सारंगी लावली, नितेशला मधल्या खुर्चीत बसवलं आणि आपण त्याच्या समोर, स्पीकरकडे पाठ करून, स्टुलावर बसला. गाणं ऐकायला कोणी असं बसत नाही. सारंगी सुरू झाली. मागून, कुठूनही, सगळीकडून येत होती. तो नितेशच्या तोंडाकडे बघत राहिला. नितेश फरशीकडे बघत होता. दुसरं मिनिट, तिसरं मिनिट. नितेशचे खांदे खाली आले. सहाव्या मिनिटाला देवानंदला पाणी प्यायला उठावंसं वाटलं. तो उठला नाही. हात गुडघ्यांवर घट्ट धरून बसला.

आणि नितेशची मान एकदम उजवीकडे वळली. दचकून. गोधडीपाशी कोणी येऊन बसलं की काय, असं पाहिलं त्यानं, भुवया वर गेल्या, मग ओठ हलले, मग हसू आलं. "कोनीतरी खोकललं जी," तो कुजबुजला. "अगदी इथं. भित्तीपाशी."

देवानंदला काही ऐकू आलं नव्हतं, सारंगीत मिसळलेला एक खरखरीत ठिपका सोडला तर. पण त्यानं खोकला पाहिला. एका फुलवाल्याच्या मानेत, डोळ्यांत, स्वच्छ, उजवीकडे, जिथं असायला पाहिजे तिथं पाहिला. माणूस होता. पाच महिने तो खोकतच होता.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "खोड मशीनमधी नाई. माह्यात हाय. उजव्या कानानं मले आयकू येत नाई. त्या दिवशी वायर निंगालेली होती, पाच महिन्यांपासून. मले समजलंच नाई. मी मशीनले नाव ठेवलं."

खाली गोदामात कोणीतरी पोतं आपटलं. नितेश खुर्चीतून पुढं झुकला. "म्हणून विकून राहिले."

"म्हणून."

"मंग आता समजलं," नितेश म्हणाला. सॉरी म्हणाला नाही, अरेरे म्हणाला नाही. "घेतो मी. लग्नसराई गेली का या काका एखाद्यावेळी. तुमी तिकडे तोंड करून बसा, मी सांगत जाईन कोन कुठं बसलं."

व्यवहार झाला. देवानंद उठला, मशीनच्या मागं गेला आणि दोन्ही वायरी काढून घेतल्या. हाताभोवती गुंडाळू लागला. नितेश बघत होता. देवानंदनं म्हणायला तोंड उघडलं, की या मी घरी बनवलेल्या आहेत, की या जाहिरातीत नव्हत्या. त्याआधीच नितेश खण उघडून आपल्या वायरी शोधायला लागला होता. "राहू द्या, राहू द्या. आमच्या घरीही दावं देत नव्हते," तो पाठमोरा म्हणाला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो अमरावतीला घरी पोचला. बेबीताई अंगणात पाटावर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. पायरीवर तो बसला तो नेमका असा, की ती त्याच्या उजवीकडे आली. मुद्दाम बसला की थकून बसला, त्याचं त्याला सांगता आलं नसतं. खिशातून वायरींचं वेटोळं काढून त्यानं मांडीवर ठेवलं. तिचे ओठ हलले. बहुतेक, देल्लं का, असं काही. बोटं शेंगा मोडत होती, एक, दुसरी, तिसरी, आणि त्यांतून कसलाही आवाज निघत नव्हता, कापसाच्या शेंगा मोडाव्यात तसा. त्यानं वळून पाहिलं नाही. नेहमीसारखं हं हं केलं नाही, मान हलवून वेळ मारून नेली नाही.

"बेबी," तो म्हणाला, "मले आयकू नाई आलं."

तिची बोटं थांबली. मग ती उठली. सूप उचललं, पाट उचलला, त्याच्या पाठीमागून वळसा घालून डाव्या बाजूला आली, पाट टाकला आणि बसली. एक शेंग घेतली. कट्‌ असा आवाज झाला.

"देल्लं का, म्हटलं," ती म्हणाली.